‘सुटल्या तर बरं’ असे मनात येते. मी वाईट आहे का?

चोपडा तालुक्यातील एका भगिनींचे चार पानी पत्र आले आहे. नाव आणि गाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे आवश्यक तेवढाच मजकूर येथे देत आहे.

‘माझे वय ४६. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला आहे, “माय”. तहान लागली तरी “माय”, माशी बसली तरी “माय”, आणि काहीच नसले तरी “माय”. मालक शेतात असतात. रात्रीची वीज असली की रात्रीही मोटरीवर जातात. नणंद सुरतेला आहे, दीर पुण्याला. सासूबाईंचे सगळे मीच करते आणि मनापासून करते. खापरावरचे मांडे त्यांनीच मला शिकवले. गेल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचे होते. नणंद आली, दोन दिवस राहिली, तिचा पाहुणचार झाला, पण माझे जाणे झाले नाही. त्यानंतर आठवड्याने भर दुपारी चादर बदलताना मनात आले, “आते सुटी जाई ते बरं व्हई.” माझे हातपाय गार पडले. हे पाप आहे, मी कृतघ्न आहे, असे वाटले. तो विचार पुन्हा येऊ नये म्हणून नामस्मरण केले, गुरुवार धरले. गावात ध्यानाचे शिबिर झाले, तेथे सांगितले की विचार थांबवा, मन कोरे करा. मी डोळे मिटले की पहिला तोच विचार येतो. आता तर तो दिवसातून दहा वेळा येतो. लोक म्हणतात, अशी सून मिळायला भाग्य लागते. ते ऐकून लाज वाटते. मोबाइलवर माइंडफुलनेसबद्दल सांगतात की विचार स्वीकारा. असला विचार कसा स्वीकारायचा? आणि स्वीकारला तर मी वाईट ठरत नाही का?’

ताई,

पत्राच्या शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. तुम्ही वाईट नाही. मात्र माझ्या एवढ्या म्हणण्याने तुमचे समाधान व्हावे अशी माझी अपेक्षा नाही, कारण असे समाधान फार तर दोन दिवस टिकते. तिसऱ्या दिवशी चादर बदलताना तोच विचार पुन्हा येईल आणि तुम्हाला वाटेल की उत्तर देणाऱ्या बाईंना माझे खरे रूप ठाऊकच नाही. तेव्हा तुम्ही चांगल्या की वाईट हा निवाडा थोडा वेळ बाजूला ठेवून आपण त्या विचाराकडेच पाहू.

तुम्ही एक गोष्ट अगदी सहज लिहून गेला आहात आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. सबंध पत्र नीटनेटक्या प्रमाण मराठीत आहे. तो विचार तेवढा अहिराणीत आहे. तो तसाच आला असणार, कारण थकलेल्या माणसाचे मन घरच्या बोलीत बोलते. शब्द निवडायला आणि ते तपासून घ्यायला त्याला त्या क्षणी सवड नसते. त्याच्या पाठोपाठ येणारी बोलणी मात्र, म्हणजे ‘हे पाप आहे’, ‘मी कृतघ्न आहे’, ही सगळी पुस्तकी मराठीत आहेत. ती शाळेतून, कीर्तनातून, वडीलधाऱ्यांच्या तोंडून आलेली आहेत. पहिले वाक्य तुमच्या इच्छेवाचून उमटले. नंतरची वाक्ये तुम्ही स्वतःला ऐकवली. हातपाय गार पडले ते पहिल्या वाक्याने की दुसऱ्यांनी, हे आठवून पाहा. माझा कयास असा आहे की पहिले वाक्य एकटेच आले असते तर ते चादरीची घडी घालून होईपर्यंत विरूनही गेले असते.

नको असताना मनात घुसणारे असे विचार ही मानसशास्त्रात बरीच अभ्यासली गेलेली गोष्ट आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा खंडांतील १३ देशांमधल्या ७७७ विद्यापीठीय विद्यार्थ्यांना विचारण्यात आले होते की गेल्या तीन महिन्यांत नको असलेला एखादा विचार, एखादे चित्र किंवा एखादी ऊर्मी आपोआप मनात येऊन गेली का. सुमारे ९४ टक्के विद्यार्थ्यांनी ‘हो’ असे उत्तर दिले. त्याच्याही कितीतरी आधी, १९७८ मध्ये, रॅकमन आणि डिसिल्व्हा या संशोधकांनी दाखवून दिले होते की निरोगी माणसांच्या मनात येणारे नकोसे विचार आणि उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या मनात येणारे नकोसे विचार यांचा आशय इतका सारखा असतो की कोणता विचार कोणाचा हे सांगणे जाणकारांनाही सोपे जात नाही. जवळच्या माणसाला काही व्हावे, देवळात नेमका अपशब्द आठवावा, गच्चीच्या कठड्याशी उभे असताना भलतेच सुचावे, असे हे विचार असतात. तापीच्या पुलावरून जाताना हातातला मोबाइल खाली सोडून द्यावा असे ज्याच्या मनात क्षणभरही आले नाही, असा प्रवासी मला अजून भेटायचा आहे. फरक पडतो तो विचाराच्या आशयाने नव्हे, तर त्याला आपण किती वजन देतो आणि त्याच्यापासून सुटण्यासाठी काय काय करत बसतो, याने.

तुम्ही बरेच काही केलेत, आणि तो विचार वाढत जाण्याचे कारण नेमके तेथे आहे. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना सांगितले की पाच मिनिटे मनात येईल ते बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि तो आलाच तर समोरची घंटा वाजवा. पांढऱ्या अस्वलाशी ज्यांचा आयुष्यात काडीचाही संबंध नव्हता त्या मुलांनी सरासरी मिनिटाला एकाहून अधिक वेळा घंटा वाजवली. पुढे त्यांना अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक दिल्यावर, आधी तो दाबून ठेवलेल्या मुलांच्या मनात तो पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही जास्त वेळा आला. यामागची रीत समजण्यासारखी आहे. चोराला आत येऊ द्यायचे नसेल तर पहारेकऱ्याला चोराचा चेहरा सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. तसेच ‘तो विचार आला तर नाही ना’ हे तपासण्यासाठी मनाला तो विचार अखंड जवळ बाळगावा लागतो. आणि मनावर दुसरा भार असला, झोप अपुरी असली, की पहारा ढिला पडतो आणि तो चेहरा तेवढा समोर उरतो. रात्री तीनदा उठलेली बाई वैशाखातल्या दुपारी, कूलरच्या घरघरीत, उपाशीपोटी चादर बदलत असताना तिच्या मनाचा पहारा ढिला पडला नसता तरच नवल.

म्हणून गुरुवारचा उपवास सध्या सोडा, असे मी स्पष्टच सांगते. नामस्मरण सोडायला सांगत नाही. नाम तुम्हाला आवडते म्हणून घेत असाल तर जरूर घ्या. फक्त त्या विचाराला झाडून काढण्याचा केरसुणीसारखा उपयोग त्याच्याकडून करून घेऊ नका, नाहीतर काही दिवसांनी नाम घेतले की तोच विचार आठवू लागेल, आणि तुमच्या पत्रावरून ती सुरुवात झालेली दिसते.

शिबिरात मन कोरे करायला सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, पण ज्या परंपरेतून ही साधना आली तिने कोऱ्या मनाची अट कधी घातलेली नाही. माइंडफुलनेस हा शब्द पाली भाषेतल्या ‘सति’ या शब्दाचे इंग्रजी भाषांतर म्हणून १८८१ च्या सुमारास रूढ होऊ लागला, आणि सति म्हणजे आपली स्मृती, म्हणजे समोर काय चालले आहे याचे भान राखणे. मराठीत आपण त्याला सजगता म्हणू. बुद्धाच्या शिकवणीत चित्ताकडे कसे पाहावे हे सांगताना द्वेषाने भरलेले चित्त असेल तर ‘हे द्वेषाने भरलेले चित्त आहे’ असे जाणावे, एवढेच सांगितले आहे. तेथे त्याला हाकलून द्यावे किंवा त्याबद्दल स्वतःला शिक्षा करावी असे सांगितलेले नाही. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, तोही याच पायावर होता. ज्यांचे दुखणे औषधाने जाण्यासारखे नव्हते अशा लोकांना त्यांनी दुखण्याबरोबर राहायला शिकवले. भुसावळहून मुंबईला जाताना वाटेत इगतपुरी लागते, तेथे विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे होतात हे तुम्ही ऐकले असेल. तुमच्या आजच्या परिस्थितीत तेथे जा असे मी सुचवणार नाही. तुम्हाला दहा दिवस मिळणार नाहीत हे एक कारण झाले. दुसरे असे की इतक्या थकलेल्या आणि अपराधी वाटणाऱ्या मनाला तासन्‌तासांचे मौन काही वेळा पेलत नाही.

आता ‘स्वीकारा’ या शब्दाबद्दल. तुमची अडचण भाषेची आहे आणि ती रास्त आहे. आपण मराठीत राजीनामा स्वीकारतो, प्रस्ताव स्वीकारतो, पद स्वीकारतो. म्हणजे या शब्दात होकार मिसळलेला आहे. विचार स्वीकारा असे ऐकल्यावर ‘त्याला मान्यता द्या’ असाच अर्थ तुमच्या कानांना लागला तर दोष तुमच्या कानांचा नाही. मी त्याऐवजी ग्रामपंचायतीतला एक शब्द सुचवते. तेथे आवक-जावक नोंदवही असते. गावातल्या कोणाचाही, कसलाही अर्ज आला तरी कारकून त्यावर तारखेचा शिक्का मारतो आणि आवक क्रमांक टाकतो. अर्जातले म्हणणे वाजवी असो वा अगदी वेडगळ, आवक होतेच. आणि आवक झाली म्हणजे अर्ज मंजूर झाला असे कोणीही समजत नाही. तुमच्या मनात तो विचार आला की त्याची एवढीच आवक करायची आहे. शिक्का मारायचा, वाचायचा, ट्रेमध्ये ठेवायचा. सही करायची नाही आणि फाडायचाही नाही. आजवर तुम्ही दर वेळी त्या अर्जाशी दारातच भांडत आलात, म्हणून तो रोज नव्याने येतो.

हे करायचे कधी आणि कसे, ते आता सांगते. पहाटे उठून पद्मासनात बसायला मी सांगणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होतात, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलेले असेलच. तुमच्या दिवसात ही घड्याळाची वेळ आयतीच बसवलेली आहे. तिचाच उपयोग करून घ्या.

खाटेजवळ गेल्यावर लगेच हात लावू नका. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले आहेत ना, लादी गार आहे की तापलेली, एवढे पायांच्या तळव्यांनी पाहा. एक श्वास आत जाऊ द्या, बाहेर येऊ द्या. तो मोठा करण्याची किंवा लांबवण्याची गरज नाही, जसा असेल तसा. बहुतेक वेळा तो विचार याच क्षणी येईल. आला की मनातल्या मनात म्हणा, ‘“आते सुटी जाई ते बरं व्हई” असा विचार आला.’ शब्द अहिराणीतलेच ठेवा, त्यांना सभ्य करू नका. शेवटचे ‘असा विचार आला’ हे तीन शब्द मात्र गाळू नका, कारण सगळी मेख त्यातच आहे. ‘सुटली तर बरं’ म्हणणे आणि ‘सुटली तर बरं असा विचार आला’ म्हणणे यांत, विहिरीत पडणे आणि विहिरीच्या काठावरून पाण्याकडे पाहणे, एवढे अंतर आहे.

मग शरीराकडे वळा. तो विचार येतो तेव्हा तुमचा जबडा आवळला जातो का, मानेची शीर ताणते का, पोटात खड्डा पडतो का? जेथे काही जाणवेल तेथे दोन-तीन श्वास लक्ष ठेवा. ते कमी व्हावे म्हणून नव्हे. ते कसे आहे एवढे पाहण्यासाठी. तुमच्या लक्षात येईल की ती ओढ एकसारखी राहत नाही, थोडी वाढते, थोडी सरकते, कधी छातीतून गळ्याशी येते. ज्या भावनेला तुम्ही आठ-दहा महिने एक अखंड पाप समजत आहात ती जवळून पाहिली तर अशी हलती, बदलती असते.

त्यानंतर हात कामाला लावा आणि लक्ष हातांत येऊ द्या. सासूबाईंच्या खांद्याखाली एक हात, कमरेखाली दुसरा. त्यांच्या पाठीचा ओलसरपणा, पावडरचा वास, चादरीची चुणी, गुडघ्यांमध्ये ठेवायची उशी. टाच, माकडहाड आणि खुब्याची कातडी लाल झाली आहे का ते पाहा. दाब काढल्यावरही लाली जात नसेल तर ती जागा सांभाळा. कातडी चादरीवरून फरफटू न देता त्यांना उचलून सरकवा. येथे मला एक गंमत नेहमी वाटते. सजगता म्हणून जे शिकवतात आणि उत्तम शुश्रूषा म्हणून परिचारिकांना जे शिकवतात, त्यांत या खाटेपाशी काहीच फरक उरत नाही. तो विचार ट्रेमध्ये पडून आहे, आणि तुमचे हात त्याच वेळी अतिशय काळजीने काम करत आहेत. दोन्ही एकाच वेळी खरे आहे. तुम्ही कशा आहात याचा पुरावाच कोणी मागितला, तर मी विचारांकडे न पाहता त्या टाचांकडे पाहीन. दोन वर्षांत एकही व्रण झाला नाही, असे तुम्ही पत्राच्या समासात लिहिले आहे.

असे दिवसातून तीन-चार वेळा जमले तरी पुष्कळ झाले. बाकीच्या वेळी घाईत राहून जाईल, जाऊ द्या. एक धोका मात्र आधीच सांगून ठेवते. आठवड्याभराने तुम्ही हिशेब मांडाल की विचार दहा वेळांवरून किती वेळांवर आला. तो हिशेब मांडला की पुन्हा पहारेकरी उभा राहिला असे समजा. विचाराला घालवण्याची एक नवी युक्ती म्हणून सजगता वापरली तर ती मन कोरे करण्याच्या खटाटोपासारखीच फसते. विचार कमी झाले तर ठीक, न झाले तर तेही आवक. फरक दिसेल तो वेगळ्या ठिकाणी: विचार येऊन गेल्यावर पूर्वी तासभर जळत राहायचे, ते आता भाकरी थापेपर्यंत निवते, असे काहीसे.

आता त्या ‘सुटी जाई’ या शब्दांकडे थोडे थांबून पाहू. सुटणे हे आपल्या बोलण्यात किती सहज येते. दीर्घ दुखण्यानंतर कोणी गेले की म्हाताऱ्या बायका ओट्यावर बसून ‘सुटली बिचारी’ म्हणतात आणि त्यांना कोणी पापी म्हणत नाही. तुम्ही तेच चार दिवस आधी म्हणालात. ज्या हातांनी तुम्हाला खापरावर मांडे पसरायला शिकवले त्यातला एक हात आता उशीवर पडून असतो आणि तुम्हाला तो धुवावा लागतो. ते पाहून त्यांनी सुटावे असे वाटणे हे दुःख आहे. त्याच वेळी आपणही सुटावे असे वाटणे हा थकवा आहे. सुरतेहून फोनवर ‘आईला वेळेवर जेवण देतेस ना’ असे विचारले जाते तेव्हा जे वाटते (पत्रात तुम्ही ते वाक्य लिहून खोडले आहे, पण वाचता येते) तो राग आहे. दुःख, थकवा आणि राग अशी तिघांची मिळून एकच आरोळी निघाली आणि तुम्ही तिला दुष्टपणा असे एकच नाव देऊन टाकले. पुढच्या वेळी शक्य झाल्यास यातले कोण बोलते आहे तेवढे ओळखून पाहा. ‘हा राग आहे’, ‘हा थकवा आहे’ असे साधे नाव ठेवल्याने भावनेचा जोर बऱ्याचदा थोडा उतरतो.

माझे वडील शेवटच्या आजारात असताना एका रात्री मी रुग्णालयाच्या जिन्यात बसून माझ्या उरलेल्या रजा बोटांवर मोजत होते, आणि मोजता मोजता लक्षात आले की मी रजांच्या आत ‘सगळे’ आटोपेल का याचा हिशेब करते आहे. तेव्हा मला लोकांच्या मनाच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे हे काम करू लागून बारा वर्षे झाली होती. तरीही हातपाय तुमच्यासारखेच गार पडले होते. तेव्हा हे ज्ञानाने टळत नाही, एवढे मी स्वतःवरून सांगू शकते.

येथवर विचारांचे आणि भावनांचे झाले. पण मनात येईल ते येऊ द्यावे हे तत्त्व घरातल्या कामाच्या वाटणीला लागू करू नका. थकवा येतो, याची आवक करायची. तो का येतो, याची मात्र तड लावायची. तुमच्या मनात राग उगीच आलेला नाही, तो बातमी घेऊन आला आहे की तीन मुलांच्या आईचे सगळे करणे एका सुनेवर पडले आहे. ‘अशी सून मिळायला भाग्य लागते’ ही स्तुती करणाऱ्याला फुकट पडते. सजगतेच्या नावाखाली बाईने मुकाट सोसत राहावे असे सुचवणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला ते मान्य नाही. मालकांशी बोला, भांडण म्हणून नव्हे, हिशेब म्हणून. दिरांनी पैसा द्यावा आणि त्यातून गावातली एखादी बाई सकाळी दोन तास यावी, एवढे मागणे अवास्तव नाही. ज्या रात्री मोटरीवर जायचे नसेल त्या रात्री एक वेळची कूस मालकांनी बदलावी. आई त्यांचीच आहे. सलग पाच तास झोप मिळाली तर माझ्या या पत्रापेक्षा तिचा गुण अधिक येईल.

काही बाबतीत मात्र माझ्या उत्तरावर थांबून चालणार नाही. विचार केवळ येऊन न जाता त्यासोबत काही करून टाकावे असा बेत किंवा ओढ वाटू लागली, स्वतःचे जीवन संपवावे असे वाटले, दोन आठवडे सतत उदासी, झोप न येणे किंवा अन्नावरची वासना उडणे असे राहिले, अथवा तो विचार फेडण्यासाठी हात धुणे, जप मोजणे, पुन्हा पुन्हा क्षमा मागणे यांत तासन्‌तास जाऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. घराबाहेर पडणे शक्य नसेल तर १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही शासनाची मोफत सेवा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. रात्री मालक मोटरीवर गेलेले असताना मन फार भरून आले तर तेव्हाही हा फोन लावता येईल. त्यासाठी संकट येण्याची वाट पाहायला हवी असे नाही.

राहिली ती आखाजी. नणंदबाई या वर्षीही माहेरी येतीलच. त्यांना आत्ताच फोन करून सांगा की यंदा दोन नव्हे, पाच दिवसांसाठी या, आणि त्यांपैकी तीन दिवस मी माझ्या आईकडे जाणार आहे. कारण म्हणून तुमचा तो विचार त्यांना सांगण्याची मुळीच गरज नाही. दोन वर्षे माहेरी गेले नाही, हे कारण पुरेसे आहे. त्या आल्या की पहिल्याच दिवशी, पाहुणचाराआधी, त्यांना खाटेजवळ न्या. कूस कशी बदलायची, उशी कोठे द्यायची, वरणाचे पाणी चमच्याने भरवताना आईला बसते करून मग घास द्यायचा आणि नंतर अर्धा तास आडवे करायचे नाही, हे करून दाखवा आणि एकदा त्यांच्याकडून करवून घ्या. औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावा. सासूबाई तुमच्या मागे ‘माय’ म्हणून हाक मारतील, आणि दारातून पाय निघताना तुमच्या मनात भलतेसलते पुष्कळ येईल. त्याची आवक करा आणि एसटीची वेळ चुकवू नका.